निळी माळ आणि पाच जणींची हजेरी

कमलाताई मेश्रामांवर लिहितोय हे कळल्यावर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "माह्यावर काय लिहून राहिला रे रतन? लिहाचंच असन तर माह्या पोट्ट्यायवर लिही."

पोट्ट्या म्हणजे त्यांच्या वर्गातल्या मुली. त्यातल्या एका पोट्टीला नात आहे.

मी त्यांचं ऐकलं नाही. मुलींवर लिहायला पुढे पुष्कळ जण येतील, मुली चमकल्या की येतातच. पण जिच्या पोर्चमध्ये, स्कूटर बाहेर काढून, चटया टाकून त्या दहावी झाल्या, त्या बाईवर कोणी लिहिणार नाही. लिहिलंच तर तिला ‘समाजसेविका’ म्हणेल आणि शाल देईल. शालीचा विषय पुढे येणारच आहे.

आधी एक सांगून ठेवतो. इकडे लखनौत ‘हाईस्कूल’ म्हणजे शाळेची इमारत नाही. हाईस्कूल म्हणजे दहावी आणि इंटर म्हणजे बारावी. "हमारी बहू हाईस्कूल है," असं लोक सांगतात, म्हणजे सून दहावी पास आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, बरोबरच आहे. एखादी बाई अख्खं हाईस्कूल असते.

कमलाताई भंडारा जिल्ह्यातल्या, साकोलीकडच्या. आई बिड्या वळायची. आठवीत असताना आई आजारी पडली आणि कमला महिनाभर घरी बसून तिच्या वाटणीच्या बिड्या वळत राहिली. परत शाळेत गेली तेव्हा हजेरी चालू होती. तिच्या आधीचं नाव आलं, मग तिच्या नंतरचं. ती उभी राहिली. "गुरुजी, माहं?"

"कटलं," गुरुजी म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

लग्नसराईत पाटलाची पोरं महिना महिना गायब असायची. त्यांची नावं कटत नसत. कोणाचं नाव कटतं आणि कोणाचं कटत नाही, हा धडा ती तिथेच शिकली आणि घरी आली. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. लग्न झालं ईश्वरभाऊंशी. ते लखनौच्या एका सरकारी औषध संशोधन संस्थेत, प्रयोगाचे उंदीर सांभाळायच्या विभागात लागले होते. "माहा नवरा उंदरायचा साहेब आहे," असं त्या अजून सांगतात. ईश्वरभाऊ नुसते हसतात. त्यांच्या घरात बोलायचं काम एकाच माणसाकडे आहे.

मुलगा मयूर नववीत गेला, त्या वर्षी कमलाताईंनी स्वतःचा प्रायवेट फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. पुढच्या वर्षी आई आणि मुलगा एकदमच हाईस्कूल झाले. एकूण मार्क मयूरला जास्त, गणितात मात्र आईला जास्त. मयूर आज फौजेत सिग्नलमध्ये नायक आहे, बायको आली, पण गणिताचं त्याला अजून मान्य नाही. पेपर तपासणाऱ्याने गडबड केली म्हणतो.

त्यानंतर कमलाताई इंटर झाल्या, आणि मग पोर्चमधला वर्ग सुरू झाला. दुपारी, घरोघरची भांडी आवरल्यावर. ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं अशा मुली आणि बाया प्रायवेट फॉर्म भरायच्या आणि इथे बसायच्या. जातपात, धर्म, मोहल्ला, काही विचारलं जात नसे. वेळेवर का आली नाहीस, हे मात्र असं विचारलं जाई की परत उशीर करायची हिंमत होत नसे.

या वर्गाचा एक रिवाज आहे. निकाल लागला की एका रविवारी सगळे जमतात आणि शेवटची हजेरी होते. ती कमलाताई घेत नाहीत. वर्गात सगळ्यात शेवटी जी आली, ती घेते. आधी पास झालेल्या मुलींची नावं, मग बाईंचं, मग आलेल्या एकेका माणसाचं. नवरे, बाप, सासवा, शेजारी, सगळे. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहून ‘हाजिर’ म्हणायचं. आणि अगदी शेवटी, पुकारणारीने स्वतःचं नाव पुकारायचं आणि स्वतःच ओ द्यायची. एका वर्षी एक सासू फुगून बसली होती. नाव पुकारलं तरी उठेना. सून म्हणाली, "तो फिर अम्मा, गैरहाजिर बोल दें?" सासू ताडकन उभी राहिली.

बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. वाटू दे. ज्याचं नाव कधी कटलेलं नाही, त्याला हजेरी म्हणजे रोजचा कंटाळाच असतो.

या वर्षी पाच जणी हाईस्कूल झाल्या. भाजीची गाडी लावणारी राजकुमारी, म्हणजे नातवाली. गुड्डी आणि रोली या सख्ख्या बहिणी. प्रिया, म्हणजे मयूरची बायको, कमलाताईंची सून. गोंदियाला नववीत शाळा सुटलेली. आणि सगळ्यात शेवटी आलेली सूफिया. सतरा वर्षांची. बाप मुबीनभाई बाजारामागे कूलर दुरुस्त करतात. पोरीचा आवाज असा, की ती पोर्चमध्ये पाढे म्हणायला लागली की कोपऱ्यावरचा धोबी तिच्या चुका काढायचा. यंदा हजेरी तिची होती. निकाल लागल्यापासून ती येता-जाता सराव करत होती: "राजकुमारी!" गाडीमागून राजकुमारी ओरडायची, "अरे हाजिर, हाजिर, टमाटर लेगी?"

आमच्या कॉलनीच्या कल्याण समितीचे अध्यक्ष अनुप श्रीवास्तव. त्यांनी समितीचा हॉल द्यायचं कबूल केलं होतं. मे महिन्यातला रविवार ठरला होता.

आणि त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली.

मयूर सरहद्दीकडे होता. नेमका कुठे, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि आईने विचारलं नव्हतं. फोन बंद झाला. ईश्वरभाऊ टीव्ही लावायचे, पण आवाज बंद करून. पडद्यावर माणसं तोंडं फाडून ओरडतायत आणि घरात फक्त कूलरची घरघर, असं ते घर होतं. प्रिया दुपारी चटईवर बसून अकरावीला कोणते विषय घ्यायचे ते गुड्डीला समजावून द्यायची, फोन मांडीखाली ठेवून. मी म्हटलं, "ताई, वर्ग चार दिवस बंद ठेवा."

"काहून? बंद ठेवला तर फोन लवकर येते का?"

मग ती ब्लॅकआउटची संध्याकाळ आली. सरावाचा ब्लॅकआउट होता. सायरन वाजला की दिवे बंद करायचे, असा निरोप समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला होता. पाचही जणी रविवारच्या तयारीला पोर्चमध्ये होत्या, मीही होतो. सायरनच्या जरा आधी सूफिया गच्चीवर जाऊन सतरंज्या घेऊन आली. सायरन वाजला तशा कमलाताई स्वतः उठल्या आणि एकेक बटण न दाबता सरळ मेन स्विचच खाली ओढला.

"फौजीचं घर आहे," त्या म्हणाल्या. "इथून एक काजवा दिसणार नाही."

आम्ही अंधारात बसलो. राजकुमारी म्हणाली, "हमारे मोहल्ले में तो रोज ब्लैकआउट होता है. आज बस सायरन भी बजा दिया." गुड्डी-रोली खिदळल्या. प्रियासुद्धा हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. "छत पर! छत पर बत्ती!"

फाटकाशी कॉलनीतली सात-आठ तरणी मंडळी आली. दिवा कोणी लावला ते पकडायला आलेल्या या वीरांपैकी प्रत्येकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च जळत होता. ब्लॅकआउट मोडणाऱ्याला शोधायला ही अख्खी दिवाळी निघाली होती. मी ते बोलून दाखवलं. कमलाताईंनी मला चिमटा काढला.

आम्ही रस्त्यावर येऊन वर बघितलं. काळ्या गल्लीत एकच गच्ची निळीशार चमकत होती. कमलाताईंची.

ती जयंतीची माळ होती. चौदा एप्रिलला गच्चीच्या कठड्यावर निळ्या दिव्यांची माळ लागते, ती बुद्ध पौर्णिमेलाच उतरते. जयंती ते पौर्णिमा, दिवसरात्र. आमच्या बऱ्याच घरांत असंच असतं. त्या माळेला कोणी ‘लाइट’ म्हणत नाही. लाइट म्हणजे ट्यूब, बल्ब, पंखा. माळ ही माळ असते, भिंतीवरच्या फोटोसारखी. ती बंदही करायची असते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात आमच्याकडे वीज सारखी जाते, आणि माळ मध्येच विझलेली ईश्वरभाऊंना खपत नाही. म्हणून त्यांनी ती इन्व्हर्टरवर टाकली होती. आता समजलं? कमलाताईंनी मेन खाली ओढला, इन्व्हर्टरला वाटलं वीज गेली, आणि त्याने इमानाने आपलं काम केलं. घरातले सगळे दिवे गेले आणि माळ राहिली.

ईश्वरभाऊ धावत आत गेले. माळ विझली. प्रकरण इथेच संपायला हवं होतं. पण टॉर्चवाल्यांपैकी एकाने पोर्चमध्ये उजेड फिरवला आणि तो एका चेहऱ्यावर थांबला.

"ये लड़की अभी ऊपर गई थी. मैंने देखा. नाम क्या है इसका?"

तीच म्हणाली, "सूफिया."

"अच्छा," तो म्हणाला.

त्या ‘अच्छा’बद्दल मी दोन पानं लिहू शकतो. लिहीत नाही. वाचणाऱ्याने तो ऐकलेला असतो.

"अरे भैया, माला हमारी है," कमलाताई पुढे झाल्या. "इन्वर्टर पे चलती है. बंद करना हम भूल गए."

"आंटी जी, आप फौजी की माँ हैं. आपसे ऐसी भूल कैसे होगी? आप सीधी हैं. आपको क्या पता, कौन ऊपर जाके क्या कर आता है."

बाई स्वतः सांगतेय की चूक माझी, आणि हे तिला सांगतायत की तुमच्याकडून चूक होऊच शकत नाही. काही लोकांना चूक हवी नसते. त्यांना चूक करणारा हवा असतो, आणि तोही त्यांच्या पसंतीचा.

सकाळपर्यंत ग्रुपवर आलं होतं की आपल्या कॉलनीत एका ‘संदिग्ध युवती’ने, म्हणजे संशयित तरुणीने, छतावरून इशारे दिले. मी ग्रुपवर जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. मला ग्रुपमधून काढून टाकलं.

"झाली खाज कमी?" कमलाताईंनी विचारलं.

दुपारी श्रीवास्तव आले. गोड माणूस. लखनौत अपमानही बसा, पाणी घ्या, असं म्हणून करतात. सरबत घेतलं, मयूरची चौकशी केली, प्रियाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "भाभी जी, समिति ने तय किया है, रविवार को आपका सम्मान होगा. वीर माता के नाते. शाल, श्रीफल, सब हमारी तरफ से. हॉल तो आपका है ही."

"और हाजिरी?"

"वो भी हो जाए, क्यों नहीं. बस एक छोटी-सी बात." त्यांनी पेला खाली ठेवला. "वो बच्ची उस दिन न आए. उसी की सुरक्षा के लिए कह रहे हैं. माहौल देखिए."

माझं डोकं तापलं होतं, पण मी गप्प बसलो, कारण कमलाताईंचं तापलेलं मला दिसत होतं आणि ते माझ्यापेक्षा चांगल्या प्रतीचं असतं.

"श्रीवास्तव जी, बत्ती किसकी जली?"

"अरे, आपकी बात अलग है."

"काहून अलग?" संतापल्या की त्या आधी मराठीत बोलतात, मग समोरच्यावर उपकार म्हणून हिंदीत येतात. "अलग क्यों है? माला मेरी, छत मेरी, इन्वर्टर मेरे आदमी का. इशारा दिया तो मैंने दिया. लगाओ फोन थाने में. बोलो, फौजी की माँ ने दुश्मन को रस्ता दिखाया. रतन, यांले नंबर दे ठाण्याचा."

"भाभी जी, आप तो नाराज हो गईं."

"नाराज नहीं हुई. पूछ रही हूँ. मैं ऊपर जाऊँ तो वीर माता, वो ऊपर जाए तो जासूस? सतरंजी तो दोनों एक ही उठाते हैं."

श्रीवास्तव उठले. म्हणाले की समितीला हॉलचा पुन्हा विचार करावा लागेल.

"करा विचार. हॉल ठेवा तुमच्यापाशी. आमच्याजवळ रस्ता आहे. और वो शाल भी रख लीजिए. मई महीने में शाल कौन ओढ़ता है? आदमी मर जाएगा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, मी सगळ्यांना बोलावतो. रविवारी फलक, घोषणा, यांच्या दारासमोर..."

"मोर्चा तुहा. वर्ग माहा. रविवारी हजेरी होईल, दुसरं काही होणार नाही."

पण हजेरी घेणारीच येत नव्हती. सूफिया त्या रात्रीपासून फिरकली नव्हती. शनिवारी दुपारी कमलाताई, प्रिया आणि मी मुबीनभाईंच्या दुकानी गेलो. उन्हाळा म्हणजे त्यांची सुगी. दुकानापुढे उघड्या कूलरांची रांग होती, खशीचे, म्हणजे वाळ्याचे, गठ्ठे पडले होते. मागच्या खोलीत सूफिया खशीच्या जाळ्या विणत बसली होती. तिने वर बघितलं नाही.

"बहन जी," मुबीनभाई म्हणाले, "लड़की पास हो गई, आपका एहसान है. अब इतना ही रहने दीजिए. हमें इसी बाजार में बैठना है."

ते खोटं बोलत नव्हते. सकाळपासून दोन जण आपले कूलर दुरुस्त न करताच परत घेऊन गेले होते.

"हम नहीं आएँगे, आंटी," सूफिया आतूनच म्हणाली. "कह दीजिएगा, सूफिया बीमार है."

"मैं झूठ नहीं बोलती. तू बीमार नहीं है."

"तो कह दीजिएगा, मर गई!"

प्रिया पुढे झाली. ही मुलगी वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. सासऱ्यावर गेलीय म्हणायला हवं. ती खशीच्या गठ्ठ्यावर बसली. "सुन. इनका फोन लड़ाई शुरू होने से बंद है. रोज कोई न कोई मुझे हिम्मत देने आता है. दस मिनट हिम्मत देता है, और जाते-जाते पूछता है, वो लड़की अब भी आती है क्या? मुझे वैसी हिम्मत नहीं चाहिए, यार. तू आ."

सूफियाचे हात थांबले. मग पुन्हा जाळी विणू लागले.

मला वाटलं, कमलाताई आता आपली साकोलीची गोष्ट सांगतील, गुरुजींची, कटलेल्या नावाची. डोळ्यांत पाणी वगैरे येईल. त्यांनी ती सांगितली नाही. त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"ठीक है, मत आ. पर पुकारने वाली तू है. तू नहीं आई, तो कोई दूसरा नहीं पुकारेगा. ना प्रिया, ना मैं. पाँचों का नाम बिना पुकारा रह जाएगा. वो राजकुमारी, जिसकी नातिन स्कूल जाती है, वो भी बिना हाजिरी के घर जाएगी. सोच ले."

सूफिया उठून उभीच राहिली. "ये तो धमकी है!"

"है," कमलाताई म्हणाल्या. "सकाळी आठ वाजता. ऊन व्हायच्या आत. चल ग प्रिया."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "नाही आली तर?"

"तर मंग नाई होणार हजेरी."

"खरंच?"

त्या माझ्याकडे बघून थांबल्या. "माह्या धमक्या खोट्या असतात असं वाटते का तुले?" पण चालताना त्यांची चप्पल दोनदा अडखळली. मी दोन्ही वेळा दुसरीकडे बघितलं.

शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. गल्लीतली थांबली नव्हती.

रविवारी सकाळी कमलाताईंच्या फाटकासमोर सतरंज्या पडल्या. माळ गच्चीवरून उतरवून फाटकावर बांधली होती आणि दिवसाउजेडी लावलेली होती. उन्हात निळे दिवे अगदी फिके दिसत होते. माणसं थोडी होती. राजकुमारी नातीला घेऊन आली होती, गुड्डी-रोलीचे आईवडील आले होते, अलीगंजहून आमची दोन मराठी कुटुंबं स्कूटरवर आली होती. कॉलनीतले लोक मात्र बाल्कन्यांमध्ये होते. यायचं नव्हतं, पण चुकवायचंही नव्हतं. समोरच्या पहिल्या मजल्यावर श्रीवास्तव पेपर वाचत बसले होते.

कमलाताई पांढरी साडी नेसून फाटकाशी उभ्या राहिल्या. बाल्कन्यांकडे तोंड करून.

"सब लोग देख लो. फिर मत कहना, दिखा नहीं." त्यांनी ईश्वरभाऊंना खूण केली. त्यांनी आत जाऊन मेन खाली ओढला. पोर्चमधला पंखा मंदावत मंदावत थांबला. माळ तशीच जळत राहिली.

"ऐसे हुआ. मेन बंद, माला चालू. ये गलती मेरे घर की है. मैंने की और मेरे आदमी ने की. जिसको किसी और का नाम लेना है, वो अभी ले, यहाँ, मेरे सामने. ग्रुप में नहीं."

एका बाल्कनीत कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरीकडेही. ‘अच्छा’वाला तरुण तिसऱ्या मजल्यावर होता, तो आत गेला. नाव कोणी घेतलं नाही.

आता हजेरी. पण सूफिया आली नव्हती.

आठ वाजून गेले. ऊन फाटकावरून सतरंजीवर आलं. अलीगंजवाले घाम पुसू लागले. राजकुमारी म्हणाली, "दीदी, हमारी भिंडी सूख रही है."

"सूखने दे."

ईश्वरभाऊ हळूच म्हणाले, "कमला, प्रियाले घेऊ दे ना हजेरी." वर्षाकाठी त्यांची दोन-तीन वाक्यं असतात, त्यातलं हे एक वाया गेलं.

"सांगितलं ना एकदा."

त्या उन्हातून हलल्या नाहीत. प्रियाने छत्री धरली, ती त्यांनी बाजूला केली. वरच्या बाल्कन्यांमधून बघणाऱ्यांना आता मजा येऊ लागली होती. श्रीवास्तवांनी पेपरचं पान उलटलं, जरा जास्तच आवाज करून. मला वाटलं, संपलं. आणि मी आयुष्यात इतक्या वेळा ‘संपलं’ म्हणालोय की मला ते ओळखता यायला हवं होतं.

कोपऱ्यावरून आधी खडखडाट आला. मग हातगाडी आली. गाडीवर भलामोठा पत्र्याचा कूलर, मागे मुबीनभाई ढकलतायत, आणि पुढे सूफिया, हिरव्या कुर्त्यात, ओढणी घट्ट बांधून, मारामारीला निघाल्यासारखी.

"देर काहून झाली?" कमलाताईंनी विचारलं. आवाजात लोण्याचा थेंब नाही.

"अब्बू से पूछिए! कहते हैं, खाली हाथ नहीं जाएँगे."

मुबीनभाई घाम पुसत म्हणाले, "धूप है, बहन जी. लोग बैठे हैं. सोचा, एक कूलर लगा दें."

"बिजली कहाँ है? मेन तो बंद है," मी म्हणालो.

"इन्वर्टर है न आपका," मुबीनभाई म्हणाले. "सुना है, बहुत मशहूर है."

हसण्याचा असा स्फोट झाला की बाल्कन्याही हसल्या. ईश्वरभाऊ तर भिंतीला टेकले. कूलर लागला. मेनही वर केला, कारण मशहूर असला तरी इन्व्हर्टर म्हाताराच होता. खशीचा ओला वास गल्लीभर पसरला.

सूफिया पायरीवर चढली. हातात कागद नव्हता. तिला लागत नाही.

"राजकुमारी!"

"हाजिर!" राजकुमारीने नातीलाही हात धरून उभं केलं.

"गुड्डी! रोली!" दोघी एकदम उठल्या आणि एकमेकींना धडकल्या.

"प्रिया मेश्राम!"

"हाजिर." फोन मुठीत होता. (मयूरचा फोन सोमवारी, पौर्णिमेला आला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "आई, इन्व्हर्टरची लोडिंग तुला कळत नाही. म्हणून म्हणतो, गणितात मलाच जास्त होते.")

"कमला मेश्राम!"

त्या उभ्याच होत्या. तरी पदर सारखा केला, पाय जुळवले. "हाजिर," त्या म्हणाल्या, शाळेतल्या मुलीच्या आवाजात. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग ईश्वर, मुबीन, राजरत्न म्हणजे मी, अलीगंजवाले. आलेल्यांची नावं संपली. सूफियाने श्वास घेतला, मान वर केली आणि बाल्कनीकडे बघून पुकारलं, "अनुप श्रीवास्तव!"

सगळ्या माना वर वळल्या. हे ठरलेलं नव्हतं. कमलाताईंनी तिच्याकडे बघितलं, पण थांबवलं नाही.

पेपर खाली आला. श्रीवास्तवांचा चेहरा दिसला. एक शब्द बोलायचा होता. उठायचं आणि म्हणायचं. खाली यायचीसुद्धा गरज नव्हती. हॉल, शाल, माहौल, सगळं त्या एका शब्दात धुऊन गेलं असतं, आणि मला खात्री आहे, हीच पोरगी त्यांना सरबत घेऊन वर गेली असती.

"अनुप श्रीवास्तव!" तिने दुसऱ्यांदा पुकारलं.

पेपर पुन्हा वर गेला.

"गैरहाजिर," सूफिया म्हणाली आणि पुढे गेली. पुढे एकच नाव राहिलं होतं.

"सूफिया मुबीन!" तिने पुकारलं. आणि स्वतःच ओ दिली, "हाजिर."

कोपऱ्यावरच्या धोब्यापर्यंत गेलं होतं ते. पण कमलाताईंनी कानामागे हात धरला.

"आवाज आला नाही. काय म्हणाली?"

सूफियाने आधी बाल्कन्यांकडे बघितलं, एकेका बाल्कनीकडे, सावकाश.

"हाजिर!"